माझा फुगा वर का जायचा

"ताई, तेल लावलंय?"

दवाखान्यातल्या रेश्मानं माझ्या केसांत बोट घातलं, बाहेर काढलं आणि दिव्यासमोर धरलं. बोट चमकत होतं.

"मी नाही लावलं," मी म्हटलं. "सासूबाईंनी लावलं."

"पण फोनवर सांगितलं होतं ना, डोकं धुऊन यायचं?"

"धुतलं होतं. म्हणून तर लावलं."

सुनेच्या डोक्याला तारा लावणार हे कळल्यावर सासूबाईंनी सकाळीच वाटीभर खोबरेल कोमट केलं होतं. यंत्रानं डोकं तापतं, आत गारवा हवा, असं त्यांचं म्हणणं. कुठलं यंत्र आणि कसलं तापणं हे त्यांना ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं, त्यामुळे वाद घालायला माझ्याकडे मुद्दा नव्हता. त्या तेलावरून रेश्माच्या तारा घसरून माझ्या मांडीवर पडत होत्या. शेवटी तिनं मला दवाखान्याच्या बेसिनमध्ये वाकवून दोनदा शाम्पू लावला आणि मी अर्धा तास पंख्याखाली केस मोकळे सोडून बसले. माझ्या मेंदूवरच्या उपचारांची ही सुरुवात.

मेंदूला तसं काही झालं नव्हतं. झालं होतं ते उजव्या हाताच्या मधल्या बोटाला. मी कॅरम खेळायची. लग्नाआधी रत्नागिरी जिल्ह्यात माझं थोडंफार नाव होतं आणि लग्नानंतर चिपळूणला आल्यावरही मी खेळ सोडला नाही. घरी मी डोळे झाकूनही सोंगट्या घालवल्या असत्या. पण स्पर्धेत सामना शेवटच्या बोर्डावर आला की हे बोट थरथरायला लागायचं. भोकाच्या तोंडाशी बसलेली सोंगटी, जी शेजारच्या बंटीनंही फुंकर मारून घालवली असती, ती माझ्याच्यानं जात नसे. तीन वर्षं मी राज्य स्पर्धेत अशीच पहिल्या आठातून घरी आले होते.

आणि आता मला एकोणतीस संपत होतं. एका विमा कंपनीत खेळाडूंसाठी जागा निघाली होती. अट अशी, की वय तिशीच्या आत हवं आणि राज्य स्पर्धेत पहिल्या चौघींत नंबर हवा. म्हणजे मला एकच संधी होती. बारावीनंतर शिक्षण सुटलेल्या बाईला अशी नोकरी दुसऱ्या कुठल्या वाटेनं मिळणार नव्हती, आणि मला ती इतकी हवी होती, की स्वप्नातसुद्धा बोट थरथरायचं.

डॉ. केतकर पुण्याहून नुकतेच आले होते आणि येताना हे यंत्र घेऊन आले होते. डोक्याच्या मध्यावर एक तार चिकट लेप लावून बसवायची, कानांच्या पाळ्यांना दोन चिमटे. मेंदूत जे काही चाललंय ते तारांतून कॉम्प्युटरमध्ये जायचं. पडद्यावर हिरवी शेतं आणि त्यांत एक रंगीत फुगा, ज्यात बसून माणसं उडतात तसला. मेंदूत शांत लहरी वाढल्या की फुगा वर जाणार, कमी झाल्या की खाली.

"अल्फा म्हणतात त्यांना," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला फुगा वर न्यायचाय. पण वर न्यायचा प्रयत्न मात्र करायचा नाही."

"मग काय करायचं?"

"काहीच नाही."

"काहीच नाही, ते कसं करायचं?"

डॉक्टर हसले आणि निघून गेले. मी खेळाडू बाई. समोर काहीतरी जिंकण्यासारखं ठेवायचं आणि वर सांगायचं, की जिंकायचा प्रयत्न करू नका! मी दात आवळून शांत व्हायला लागले. फुगा जमिनीवर. मी देवाचं नाव घेतलं. फुगा जमिनीवर. मी फुग्याला मनातल्या मनात चार शब्द सुनावले. तेव्हा तो जरा हलला, पण रेश्मा म्हणाली, "ताई, ते तुम्ही जबडा हलवलात म्हणून." पाच दिवस हेच. सहाव्या दिवशी रेश्मानंही माझ्याकडे बघून हळूच सुस्कारा सोडला.

सातव्या दिवशी मला न्यायला दिगंबर आले.

दिगंबर म्हणजे आमचे यजमान. वजनमापं तपासणारे सरकारी निरीक्षक. बाजारातला प्रत्येक काटा, प्रत्येक माप बरोबर आहे की नाही ते बघून त्यावर शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. माणूस सरळ आणि सालस. चहाचा कपही कुणाचा फुकट प्यायले नाहीत. त्यांना एकच सवय होती. दिवसभरात तपासलेला प्रत्येक काटा घरी येऊन सांगायचा, आणि पहिल्यापासून सांगायचा.

ते आत येऊन स्टुलावर बसले. रेश्मानं सहज विचारलं, "आज लवकर सुटलात, साहेब?" झालं.

"लवकर नाही, उशीरच झाला. मासळी बाजारात गेलो होतो. काटा पाच किलोचा. म्हटलं, शिक्का कुठाय? तो म्हणाला, मागे. मी मागे बघितलं. मागे नव्हता. म्हटलं, मागे नाही. तो म्हणाला, मग खाली असेल. म्हटलं, खाली कसा असेल? खाली असायचा तर पाटी खाली हवी. पाटी तर बाजूला. मग बाजूला बघितलं…"

"ताई!" रेश्मा ओरडली. "काय केलंत?"

मी पडद्याकडे बघितलं. फुगा शेतांवरून, झाडांवरून, डोंगरावरून वर निघाला होता. ढग लागले. मी दचकले आणि तो धपकन खाली आला.

"थांबू नका, साहेब, बोला!" रेश्मा म्हणाली.

"हां, तर बाजूला बघितलं," दिगंबर म्हणाले, आणि फुगा पुन्हा ढगांत.

डॉक्टर धावत आले. त्यांनी रीतसर परीक्षा घेतली. दिगंबरना बाहेर पाठवलं, फुगा खाली. रेश्माला बोलायला लावलं, फुगा खाली. ते स्वतः बोलले, तेव्हा तर तो जमिनीत शिरायच्या बेतात होता. दिगंबरना परत आत बोलावलं आणि त्यांनी धान्याच्या मापाचं प्रकरण सुरू केलं, तेव्हा फुगा पडद्याच्या वर निघून गेला.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "वहिनी, मी वीस वर्षं मेंदू बघतोय. नवऱ्याच्या नुसत्या आवाजानं बायको इतकी शांत होते, हे मी आजवर पाहिलं नव्हतं. प्रेम मोजता येत नाही म्हणतात. दिगंबरराव, तुमचं मोजलं गेलं."

दिगंबरचे कान लाल झाले. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं तपासणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी तपासून शिक्का दिला होता.

खरी गोष्ट मला त्याच क्षणी कळली होती. आठ वर्षांच्या संसारात मी एक विद्या शिकले होते. दिगंबर काट्याचं बोलायला लागले की माझे कान आपोआप मिटायचे. मधून मधून "हं" म्हणायचं, "हो का?" म्हणायचं, आणि आत सगळं शांत, निवांत. भाजी चिरून व्हायची, कपड्यांच्या घड्या व्हायच्या, एक शब्द आत शिरायचा नाही. यंत्राला जे प्रेम दिसलं ते हे.

पण उपाय लागू पडला होता. स्पर्धेला महिना होता. रोज दवाखान्यात दिगंबर बोलत, मी फुगा चढवत असे. रोज संध्याकाळी घरी मी बोर्डावर बसे आणि ते शेजारी बसून फळवाल्यांचे काटे सांगत. बोट काडीसारखं सरळ! आणि दिगंबरनी ही बातमी सगळ्या चिपळूणभर केली. काटा तपासायला ज्या दुकानात जातील तिथे सांगत. किराणावाले मला बघून कौतुकानं हसायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "दिगूचा आवाज त्याच्या आजोबांवर गेलाय. ते कीर्तनाला उभे राहिले की लोक डुलायचे." ते कशानं डुलायचे ही शंका मला आली, पण मी ती गिळली.

घोळ केला तो दिगंबरच्या चांगुलपणानं. त्यांना वाटलं, बायकोला आपला आवाज इतका आवडतो तर तिला रोज तेच काय ऐकवायचं? ते वाचनालयात जाऊन तयारी करायला लागले. एका शनिवारी दवाखान्यात त्यांनी खिशातून कागद काढला आणि दापोलीकडच्या एका जुन्या खुनाची हकीकत सांगायला सुरुवात केली. विहिरीत सापडलेली बाई, गायब झालेला दीर, रक्त लागलेला कोयता. मी कान टवकारले. फुगा खाली आला आणि तिथेच बसला.

"दीर कुठे सापडला?" मी विचारलं.

"सांगतो," दिगंबर म्हणाले, पण त्यांचं लक्ष पडद्याकडे होतं. त्यांनी कागद ठेवून दिला आणि आमच्या लग्न ठरतानाच्या आठवणी सुरू केल्या. मी पहिल्यांदा पोहे आणले तेव्हा त्यांना काय वाटलं होतं, ते सांगायला लागले. हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. माझ्या छातीत धडधडायला लागलं. फुगा हलेना.

डॉक्टरांनी आळीपाळीनं आम्हा दोघांकडे बघितलं. "घरी सगळं ठीक आहे ना?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

घरी पोचेपर्यंत दिगंबरचा चेहरा उतरला होता. सासूबाईंनी कारण काढून घेतलं आणि माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की जणू मीच फुगा फोडलाय. रविवारी संध्याकाळी मी बोर्डावर बसले, तर दिगंबर वही घेऊन आले. रात्रभर बसून त्यांनी चुटके उतरवून काढले होते. शनिवारी सकाळी रत्नागिरीत स्पर्धा. हातात सहा दिवस. माझा धीर सुटला.

"अहो, चुटके नकोत. तुम्ही आपलं काट्यांचंच बोला."

"ते तर रोजचंच. तुला कंटाळा नाही येत?"

खोटं बोलायला हवं होतं. आठ वर्षं बोललेच होते.

"येतो," मी म्हटलं. "म्हणून तर फुगा वर जातो."

"म्हणजे तू ऐकत नाहीस?"

"नाही."

"कधीपासून?"

"पहिले दोन महिने ऐकलं होतं."

त्यांनी वही मिटली, टेबलाच्या खणात ठेवली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. त्या रात्री जेवताना ते एक शब्द बोलले नाहीत. सोमवारीही नाही. मंगळवारी मी स्वतः विचारलं, "आज कुठे गेला होतात?" ते म्हणाले, "बाजारात," आणि पेपर उघडला. असा प्रकार आमच्या घरात कधी झाला नव्हता. सासूबाईंनी त्यांची नजर काढली, मग खात्रीसाठी माझीही काढली. मी माफी मागितली, दोनदा मागितली. "अगं, काही नाही, तू खेळ," इतकंच उत्तर मिळे. दवाखान्यात ते बाहेर बाकावर बसून राहत. रेश्मानं विचारलंच, "साहेब आजारी आहेत काय, ताई?" माझं बोट आता स्पर्धेची वाट न बघता घरीच थरथरायला लागलं होतं. त्याहून वाईट म्हणजे मला घर भकास वाटत होतं. ज्या आवाजाचा मी एक शब्द ऐकत नव्हते, तो नसताना मला भाजीसुद्धा नीट चिरता येईना.

शनिवारी पहाटेच्या एसटीनं आम्ही रत्नागिरीला गेलो. एरवी या रस्त्यावरचा एकेक वजनकाटा त्यांनी मला ओळखीच्या माणसासारखा दाखवला असता. त्या दिवशी ते खिडकीतून बघत गप्प बसले. उतरताना माझी पिशवी तेवढी त्यांनी घेतली.

पहिल्या दोन फेऱ्या मी कशाबशा काढल्या. दुपारी तिसरी. ही जिंकली की मी पहिल्या चौघींत, हरले की नोकरी गेली. समोर ठाण्याची भोईर, एकवीस वर्षांची, च्युइंगगम चघळत खेळणारी. पहिला गेम मी घेतला. दुसऱ्यात बोटानं घात केला. एकेक सोंगटी भोकाला विचारून परत येत होती. पंचवीस-नऊ. पंचांनी पाच मिनिटांची सुट्टी दिली.

मी सरळ दिगंबरच्या बाकाकडे गेले.

"अहो, बोला काहीतरी. तुमच्या पाया पडते."

"नको, मृदुला. तू शांत बस जरा."

"अजून किती रुसणार आहात? चुकलं म्हटलं ना मी. आठवडा झाला, घर खायला उठतंय."

"मी रुसलेलो नाही."

"मग गप्प का?"

दिगंबरनी घड्याळ बघितलं. "पाच मिनिटांत सांगून होणार नाही."

"जेवढं होईल तेवढं सांगा."

"सोमवारी सराफाकडे गेलो होतो," ते म्हणाले. खालच्या आवाजात, पण नेहमीसारखेच, पहिल्यापासून. "सोन्याचा काटा तपासायचा होता. तो काटा असा नाजूक, की केस पडला तरी आकडा बदलतो. वर काचेची पेटी असते, ती फुटली म्हणून त्यानं काढून ठेवलेली. मी चिमट्यानं वजन ठेवलं. आकडा स्थिर होईना. वर, खाली, वर, खाली. पंखा बंद केला. तरी तेच. दार लावलं, खिडकी लावली. तरी तेच. टेबलाचा पाय बघितला, खाली पुठ्ठा घातला. रस्त्यावरून ट्रक जातोय का ते बघायला माणूस उभा केला. ट्रक नव्हता. बारा वर्षांत असा काटा मी पाहिला नव्हता. सराफ घामाघूम. मला वाटलं, यंत्र बिघडलं, आता जप्त करावं लागणार. तेवढ्यात तो सराफ काय करतो, तर माझ्यासमोर हात जोडून…"

पंचांनी घंटी वाजवली.

"हात जोडून काय?"

"जा, घंटी झाली."

"अहो, पण काटा हलत कशानं होता?"

"खेळून ये आधी."

मी खुर्चीवर येऊन बसले ती चिडूनच. हे काय, असं अर्ध्यावर सोडतात? पंखा बंद, दार बंद, ट्रक नाही. उंदीर असेल? टेबलाखाली? पण पुठ्ठा घालताना दिसला असता. मी ब्रेक केला. सराफानं हात कशाला जोडले? काहीतरी लबाडी असणार, कबूल करत असेल. पण लबाडी करणारा आकडा एका चुकीच्या जागी ठेवील, नाचवील कशाला? त्यात या माणसाचं घरात गप्प बसणं कुठे आलं? भोईरनं राणी घेतली. पुढच्या बोर्डाला मी घेतली. पंच गुण सांगत होते ते मला लांबून ऐकू येत होते. सोंगट्या जात होत्या, मी स्ट्रायकर ठेवत होते, आणि डोक्यात तो आकडा वर-खाली होत होता.

"शेवटचा बोर्ड," पंच म्हणाले. "अठरा-अठरा."

तेव्हा मी भानावर आले. बोर्डावर माझी एक पांढरी उरली होती, डाव्या भोकापासून चार बोटांवर. भोईरची एक काळी दुसऱ्या भोकाच्या तोंडाशी. माझी चुकली, की तिची जाणार. भोईरचं चघळणं थांबलं होतं. मी बोटाकडे बघितलं. बोट शांत होतं. आणि मला खरोखर एकच वाटलं, की हे एकदाचं संपू दे, म्हणजे त्या सराफाचं कळेल.

पांढरी गेली.

टाळ्या वाजल्या. भोईरनं हात पुढे केला तो मी घाईघाईनं हलवला. पंच सहीसाठी कागद सरकवत होते. मी तशीच उठून बाकाकडे गेले.

"हात जोडून काय म्हणाला?"

दिगंबरच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पुसत ते म्हणाले, "अगं, जिंकलीस तू."

"ते कळलं. सराफ काय म्हणाला?"

"म्हणाला, साहेब, जरा गप्प बसता का?" दिगंबर हसले, पण नीट नाही. "मी काट्यावर वाकून त्याला नियम समजावत होतो ना. माझा श्वास लागत होता काट्याला. मी तोंड मिटून दोन पावलं मागे झालो, आणि आकडा जागच्या जागी थांबला. बारा वर्षं काटे तपासतोय, आणि तो काटा मीच हलवत होतो. मग घरी येताना मला तुझं बोट आठवलं. म्हटलं, इथेही आपलंच बोलणं नडत असेल. रविवारी मी रुसलो होतो, ते खरंय. सोमवारपासून नाही. सोमवारपासून मी नुसता लांब उभा होतो."

मी त्यांच्या शेजारी बसले. बोलण्यावाचून ज्याचा घास गिळला जात नाही, तो माणूस पाच दिवस तोंड मिटून बसला होता, माझं बोट स्थिर राहावं म्हणून, आणि मी त्याला रुसवा समजत होते. मला रडू आलं. लोकांना वाटलं, नोकरीच्या आनंदानं. पंच कागद घेऊन बाकापर्यंत आले, आणि सही करताना माझा हात इतका कापत होता, की तेच म्हणाले, "बाई, हा हात मघाशी कुठे होता?"

पुढच्या फेरीत मी हरले, पण पहिल्या चौघींत होते; नोकरी मिळाली. तिला आता सतरा वर्षं होतील. डॉ. केतकरांनी माझं उदाहरण एका परिषदेत सांगितलं आणि माझा नि दिगंबरचा एकत्र फोटो दवाखान्यात लावला. खरं कारण मी त्यांना कधी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी परतीच्या एसटीत मी म्हटलं, "सोमवारचं झालं. मंगळवारी कुठे गेला होतात?" पाच दिवसांचं साठलेलं होतं. बांध फुटला. मंगळवारचा भुसाराचा काटा, बुधवारची दुधाची मापं, त्या मापाचा कान, त्या कानाचा डाग. मी मन लावून ऐकत होते, खरंच ऐकत होते. हातखंब्याच्या पुढे वारा लागला, दिवसभराचा शीण होता. संगमेश्वरला गाडी थांबली तेव्हा मला कळलं, की मी मघापासून नुसतं "हं" म्हणतेय आणि बुधवार संपून शुक्रवार लागलाय. दिगंबर रंगात येऊन बोलत होते. त्यांना काही कळलं नव्हतं आणि मी बोलले नसते तर कळणारही नव्हतं.

"अहो," मी त्यांच्या दंडाला हात लावून म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं. गुरुवारपासून परत सांगा."